काळ्या खोलीतला सहदेव

लोधिवलीच्या आमच्या वस्तीत एके काळी गोळी खाण्याआधी ती उन्हात धरून बघायची पद्धत होती. कुणाला ताप आला, चौकच्या दवाखान्यातून पुडी आणली, की घरातलं वडीलधारं माणूस अंगणात यायचं, एक डोळा मिटायचं आणि गोळी चिमटीत धरून सूर्याकडे बघायचं. गोळी पांढरी, जाड. तिच्यातून दिसणार काय? पण बघून झाल्यावर आमच्या शेजारच्या गंगाबाई मान डोलवून म्हणायच्या, "हाय, औषध हाय हिच्यात." मगच ती गोळी पोराच्या तोंडात जायची.

हे खूळ माझ्या भावामुळे सुरू झालं. सहदेव त्याचं नाव. तो हायवेलगतच्या गोळ्यांच्या कारखान्यात कामाला लागला तेव्हा गंगाबाईंनी त्याला विचारलं होतं, "काय रं काम करतोस तिथं?" दादाने सरळ सांगितलं, "गोळीत औषध किती हाय ते उजेडावर बघतो." झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती उजेडावर बघायला लागली. दादाने पुढे किती वेळा समजावलं, की गोळी आधी विरघळवावी लागते, आणि मी वापरतो तो उजेड तर डोळ्यांना दिसतच नाही. दिसत नाही तो उजेड कसला, असं म्हणून गंगाबाईंनी त्याचं सगळं शिक्षण मोडीत काढलं.

हे आठवलं की मला हसू येतं आणि हसता हसता राग येतो. राग गंगाबाईंचा नाही. वस्ती उन्हात गोळ्या बघत होती तेव्हा माझा भाऊ त्याच उन्हापासून लपवलेल्या एका खोलीत बसलेला होता. आज अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तरी तो तिथेच आहे. त्याला बाहेर पडायचं होतं, एकदा तर दार उघडलंही होतं. ते बंद झालं तेव्हा मी तिथेच उभी होते, म्हणून सांगते.

सहदेव माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आमचे बाबा, धर्माजी, मुंबई-पुणे रस्त्याच्या गँगवर होते. उन्हाळाभर डांबराच्या पिंपाशेजारी उभं राहून त्यांच्या पोटऱ्या भाजून काळ्या पडल्या होत्या. छप्पन साली वस्तीने बौद्ध धर्म घेतला, त्यानंतरच्या जूनमध्ये बाबांनी दादाला शाळेत घातलं. बाबांचं मागणं फार मोठं नव्हतं. पोराने सावलीत बसून काम करावं, एवढंच. दादा महाडला वसतिगृहात राहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला तेव्हा बाबांनी सगळ्या गँगला जिलेबी वाटली. मग वर्षभर दादा नोकरीसाठी खेटे घालत फिरला. आणि एक दिवस टिपणीस साहेब आपणहून आमच्या दारात आले.

टिपणीस साहेब म्हणजे त्या कारखान्याचे मालक. पनवेलचे. बोलायला गोड, आणि मी त्यांच्यावर कितीही चिडलेली असले तरी खरं ते सांगते, माणूस लबाड नव्हता. औषधाच्या कारखान्याला सरकारचा परवाना लागतो आणि गोळ्या तपासणार कोण, त्या माणसाचं नाव खात्याने मंजूर केलेलं असावं लागतं. नाव नाही तर कारखाना नाही. आधीचा केमिस्ट मुंबईचा होता, तो रोज चौकला यायला कंटाळून सोडून गेला होता. साहेबांना नाव हवं होतं, दादाला नोकरी हवी होती. काही महिन्यांनी दादाचं नाव मंजूर होऊन आलं. बाबांनी तो कागद विहारात नेला आणि सगळ्यांना हात लावून बघू दिला.

मंजूर नाव म्हणजे काय हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला कळलं नव्हतं. दादालाही नाही. नाव परवान्याला चिकटलं आणि नावाबरोबर तोही.

त्याची खोली कारखान्याच्या मधोमध होती. खिडकी नाही, कारण उजेडावर तपासायचं मशीन जुनं, साहेबांनी मुंबईहून वापरलेलं आणलेलं, आणि त्याच्या फटींतून बाहेरचा उजेड आत शिरायचा. त्याच कारणाने भिंतीही काळ्या रंगवलेल्या. पंखा नाही, कारण भुकटी उडते. मशीनचा दिवा तापला की खोलीची भट्टी व्हायची. भिवपुरीच्या वीजकेंद्रातली वीज आमच्या डोक्यावरून मनोऱ्यांच्या तारांनी मुंबईला सुखरूप जायची, पण आमच्या वाट्याला आलेली वीज दिवसभर चढउतार करायची. ती हलली की मशीनची सुई थरथरायची, आणि सुई थांबेपर्यंत दादा दार लावून, घाम पुसत, वाट बघत बसायचा. पॅकिंगच्या बाया त्या खोलीला काळी खोली म्हणायच्या. दादा बाहेर आला की उजेडाने डोळे मिचकावत उभा राहायचा, तेव्हा त्या हसायच्या.

काम तसं सरळ होतं. वीस गोळ्या घ्यायच्या, तोलायच्या, खलात कुटून भुकटी करायची. त्यातली ठरलेली भुकटी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हलवायची, गाळायची, आणि पुन्हा पुन्हा पातळ करायची. शेवटी हातात उरतं ते दिसायला निव्वळ पाणी. ते चौकोनी कुपीत भरून मशीनमध्ये ठेवायचं. तापाच्या गोळीला चाक दोनशे सत्तावन्नवर लावायचं. त्या आकड्याला जो उजेड मिळतो तो आपल्याला दिसत नाही, पण औषध त्याला गिळतं. औषध जितकं जास्त तितका उजेड पलीकडे कमी निघतो, आणि सुई ते सांगते. त्यावरून हिशेब करून एका गोळीत औषध किती ते काढायचं. डब्यावर लिहिलेल्या औषधाच्या पंच्याण्णव टक्क्यांच्या वर आलं तर लॉट, म्हणजे एका वेळी पाडलेल्या सगळ्या गोळ्या, पास. खाली गेलं तर सगळा लॉट बाद.

पॅकिंगच्या बाया आमच्याच वस्तीतल्या होत्या. दादाने शब्द टाकला म्हणून साहेबांनी आधी गंगाबाईंच्या सुनेला, बायजाला, घेतलं, आणि तिच्यामागून हळूहळू सगळ्याच गेल्या. त्याआधी त्या रस्त्यावर खडी फोडायच्या. आता डोक्याला पांढरा रुमाल बांधून बाकावर बसून गोळ्या डब्यांत भरायच्या. दादाच्या नावाने त्यांच्या चुली पेटत होत्या, आणि वस्तीत दादाला मान होता तो याचाच.

दादाला लागून वर्ष झालं असेल, तेव्हा तापाच्या गोळ्यांचा एक लॉट ब्याण्णव आला. दादाने सगळं पहिल्यापासून केलं, तरी ब्याण्णव. तो साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला बसवलं, चहा मागवला.

"सहदेव, औषध मी स्वतः उभं राहून तोलून घातलंय. कमी कुठून येईल?"

"औषध बरोबर आहे साहेब. गोळ्या पाडायचं मशीन जुनं झालंय. वरचा भुकटीचा डबा रिकामा होत आला की गोळी हलकी पडते."

"मग काही हलक्या तर काही भारीही असतील. दुसऱ्या वीस घे."

दादा नाही म्हणाला. गोळ्या हाताला येतील तशा घ्यायच्या असतात, निवडून नाही. साहेब रागावले नाहीत. त्यांनी नुसतं पॅकिंगकडे बोट दाखवलं. हा लॉट फेकला तर पुढच्या लॉटचं सामान आणता येणार नाही, आणि सामान नाही तर बायांना घरी बसवावं लागेल. "मी तुला खोटं लिही म्हणत नाही," साहेब म्हणाले, "पुन्हा घे, एवढंच म्हणतोय."

दादाने लॉट अडवून धरला. बाया रिकाम्या हातांनी बाकांवर बसून राहिल्या. मग एका सकाळी गोळ्या पाडायच्या मशीनवरचा नामा वीस गोळ्या घेऊन काळ्या खोलीत आला, चांगल्या वजनदार. त्या शहाण्णव आल्या. गोळ्या त्याच लॉटमधल्या होत्या, आकडा खरा होता, सुईने काही लबाडी केली नव्हती. दादाने सही केली.

तेव्हापासून 'पुन्हा घे' हा कारखान्याचा रिवाजच होऊन बसला. लॉट कमी आला की कुणी काही सांगायच्या आत नामा जड गोळ्या वेचून ठेवायचा. सुरुवातीला दादा वाद घालायचा. मग नुसतं तोंड वाकडं करून सही करायचा. मग तेही बंद झालं.

"ब्याण्णवानं कोण मरत नाय," तो एकदा वहिनीला सांगत होता. चंद्रभागावहिनी दहिवलीची, आमच्या घरात स्पष्ट बोलणारी ती आणि मी अशा दोघीच. "ताप उतरतोच. पण त्या गोळ्यांत जेवढं हाय म्हणून मी सही करतो, तेवढं त्यांच्यात नसतंय."

"मग नको करूस सही," वहिनी म्हणाली.

"आणि बायजाला काय सांगू?"

त्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो असताना गंगाबाई दारात आल्या. नातवाला ताप भरला होता. हातातली पुडी दाखवत म्हणाल्या, "तुझ्याच कंपनीची गोळी हाय रं सहदेव. नाव बघितलं नि तशीच दिली, उन्हात बी नाय धरली." दादा भरल्या ताटावरून उठला. गंगाबाईंना वाटलं त्याचं पोट बिघडलं, त्या ओवा द्यायला निघाल्या.

अठ्ठ्याहत्तर साली पहिल्यांदा बाहेर पडायची वाट दिसली. वहिनीचा भाऊ पांडू भिवपुरीच्या वीजकेंद्रात फिटर होता. तिथे पाणी आणि मशीनचं तेल तपासायला एक माणूस हवा होता. दादा जाऊन जागा बघून आला. पगाराचं, क्वार्टरचं त्याने काही सांगितलंच नाही. "खिडकी हाय गं," तो मला म्हणाला, "भिंतभर खिडकी. बसल्या जागेवरनं पार डोंगर दिसतो. पाण्याचे पाइप उतरतात ते दिसतात. वर ढग आला तर तो बी दिसतो." एवढं सलग बोलताना मी त्याला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तो टिपणीस साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "अरे, मी तुला बांधून ठेवलंय का? तुझ्या जागी एक मंजूर नाव दे आणि उद्या जा." दादाने शोध घेतला, ओळखीच्यांना विचारलं. चौकला यायला कुणी तयार होईना. तोवर वस्तीत बातमी पसरली, आणि संध्याकाळी बाया आमच्या अंगणात येऊन बसल्या. कुणी रडलं नाही, कुणी विनवण्या केल्या नाहीत. बायजा म्हणाली, "तू जा रं सहदेव. तुझं चांगलं व्हतंय तर कशाला थांबतोस? आमी काय, पुन्यांदा खडी फोडू. हात काय मोडल्यात व्हय आमचे?" ती हे अगदी मनापासून म्हणाली, आणि दादाला तेच सोसलं नाही. टोमणा मारला असता तर तो गेला असता, असं मला आजही वाटतं.

बाबा म्हणाले, "तू सावलीत हायस. त्यांनाबी तूच सावलीत आणलंस. आता कशाला उठवतोस?"

भिवपुरीला दुसरा कुणी लागला. दादाने घरी त्याचा विषय काढला नाही. मात्र तेव्हापासून तो घराचं दार लावू देईना. थंडी असो, पाऊस असो, कुत्री आत येवोत, दार सताड उघडं. वहिनीने भांडण करून पाहिलं, मग दाराला फळी आडवी टाकून निदान कुत्री तरी अडवली. घरी आला की तो ओट्यावर बसायचा आणि अंधार पडेपर्यंत समोर बघत राहायचा. काय बघतोस म्हटलं तर म्हणायचा, "काय नाय. लांबचं."

मी पनवेलच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले ती एक्क्याऐंशी साली. माझा विषयही रसायनशास्त्र. स्वभाव मात्र दादाच्या उलटा. मला कुणी 'पुन्हा' म्हटलं की मी 'का' विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर आवाज चढवते. सुंदरा हे नाव ठेवताना आईबापांनी जरा घाई केली, असं वस्तीत म्हणायचे. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मला नोकरी हवी होती. आणि ओट्यावर लांबचं बघत बसलेला दादा मला बघवत नव्हता. दोन्ही गोष्टींचा उपाय माझ्या एकदमच डोक्यात आला. दादाच्या जागी माझं नाव मंजूर करून घ्यायचं. मी आत, दादा बाहेर.

टिपणीस साहेबांना आनंद झाला. त्यांना नाव हवं होतं, कुणाचं का असेना. दादा आधी का-कू करत होता, पण वहिनीने त्याच्यामागे लकडा लावला. शेवटी मी त्याच्या हाताखाली शिकायला लागले.

खरं सांगू? मला ती खोली आवडली. दादा शिकवताना वेगळाच माणूस व्हायचा. उजेड जातो त्या बाजूने कुपी कधी धरायची नाही, बोटाचा डाग पडला तर सुई त्या डागालाही औषध समजते. कुपी काचेची का चालत नाही, काच तो उजेड अडवून धरते म्हणून क्वार्ट्झची लागते. आधी औषध न घातलेलं कोरं द्रावण ठेवून सुई शून्यावर आणायची आणि मगच औषधाचं. मी चुकले तर रागवायचा नाही, नुसतं "हां, आता काय झालं सांग" म्हणायचा. निव्वळ पाण्यासारख्या दिसणाऱ्या पाण्यात किती काय आहे ते सुई सरकून सांगते, याची मला गंमत वाटायची. वर्ष सरता सरता माझा आकडा आणि दादाचा आकडा जुळायला लागला.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात पांडूने निरोप आणला, भिवपुरीची तीच जागा पुन्हा रिकामी होतेय, दिवाळीपर्यंत थांबतील. या वेळी काही अडत नव्हतं. माझ्या नावाचा अर्ज गेला होता. खात्याचे इन्स्पेक्टर येऊन माझं काम बघणार, दादा सही करणार, की सुटला. वहिनीने कर्जतच्या बाजारातून पडद्याचं कापड आणलं. क्वार्टर तिने पाहिलंही नव्हतं, पण खिडक्या मोठ्या असतील असं धरून तिने कापड सढळ घेतलं होतं. दादा ते कापड हातात घेऊन हसला. मी त्याला तसं हसताना लहानपणी पाहिलं असेल.

इन्स्पेक्टर यायच्या थोडं आधी एक लॉट कमी आला. तपासणी मी केली होती. त्र्याण्णव. नामा वेचलेल्या गोळ्या घेऊन दारात उभा राहिला, आणि त्याच्यामागे खुद्द टिपणीस साहेब.

"सुंदरा," ते लाडाने म्हणाले, "तू तरी घे बघू पुन्हा. तुझ्या हाताला यश आहे."

माझं डोकं फिरलं. "मी नाही घेणार. त्र्याण्णव आला तो त्र्याण्णव. तुम्हाला दुसरा आकडा हवा असेल तर खल घ्या आणि बसा स्वतः कुटत."

नामा गोळ्या घेऊन दोन पावलं मागे सरला. मला वाटलं आता साहेब भडकणार, आणि त्याचीही माझी तयारी होती. पण साहेब मोठ्याने हसले. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगदी तुझ्यासारखी आहे रे. तू पहिल्या वर्षी असाच होतास, आठवतं? घेईल, हळूहळू घेईल." आणि निघून गेले.

परवान्यावर नाव अजून दादाचंच होतं. त्याने नामाच्या हातातल्या गोळ्या घेतल्या आणि कुटायला बसला.

घरी जाताना मी भलतीच खुशीत होते. "बघितलंस कसं तोंड बंद केलं साहेबांचं?"

"व्हय."

"मग गप का हायस?"

दादा रस्त्याच्या कडेने चालत होता. ट्रक जाईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "मीबी पयल्यांदा नायच म्हणालो व्हतो."

"मी काय तू हाय व्हय? मी भांडीन."

"भांडशील. मग सांजच्याला बायजा येऊन अंगणात बसंल. काय बोलणार नाय. नुसती बसंल."

"बसू दे की."

"हां," दादा म्हणाला, "मीबी असंच म्हणालो व्हतो." पुढे घरापर्यंत तो माझ्यामागून रेंगाळत चालला. मला वाटलं थकला असेल.

इन्स्पेक्टर आले ते पोक्त, शांत गृहस्थ होते. त्यांनी मला लॉट दिला आणि माझ्यामागे उभे राहून सगळं बघितलं. माझा हात एकदाही अडखळला नाही. वीजही त्या दिवशी शहाण्यासारखी वागली. माझा आकडा आला, दादाने आधी काढून ठेवलेला आकडा त्यांनी ताडून पाहिला, दोन्ही एकच. "छान," ते म्हणाले. मग साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी कागद काढून दादापुढे ठेवला. "ही तुमच्या हाताखाली तयार झाली, एकटी हे काम सांभाळू शकते, एवढं लिहून सही करा."

दादाने पेन घेतलं. टोपण काढलं. कागदाकडे बघत बसला. मग त्याने टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं.

"नाही साहेब. तिला नाही जमणार."

इन्स्पेक्टर गोंधळले. "अहो, आकडा तर तंतोतंत जुळला."

"आकडा जुळला साहेब. पण मी सही नाही करणार."

टिपणीस साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "सहदेव, अरे तुलाच जायचं होतं ना? तिच्याशिवाय तुला सोडता येईल का मला?"

"माहीत आहे," दादा म्हणाला. "मी आहे इथेच."

इन्स्पेक्टरांनी दोनदा विचारलं. दादाचं उत्तर तेच. त्यांनी खांदे उडवून कागद बॅगेत ठेवला. दहा वर्षांत त्या इमारतीत दादाने कितीतरी सह्या मनाविरुद्ध केल्या होत्या, आणि नाही म्हणून ठाम राहिला तो नेमका या एकीवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने माझी नोकरी घालवली होती, वहिनीचे पडदे घालवले होते, आणि मला चारचौघांत नालायक ठरवलं होतं, तेही खोटं बोलून. मी तरातरा काळ्या खोलीत गेले. तो माझ्याआधीच तिथे पोचला होता आणि कुप्या धूत होता.

मी तोंडाला येईल ते बोलले. भेकड म्हटलं, मत्सरी म्हटलं, बायकोच्या जिवावर उठलास म्हटलं. तो धुतच राहिला. मी रडायला लागले तेव्हा त्याने कुपी खाली ठेवली.

"लय राग आला ना?"

"मग काय आरती ओवाळू तुझी?"

"येऊ दे गं राग," तो म्हणाला. "मला आता येतच नाय. कधीपासनं येत नाय ते पन आठवत नाय. पुन्हा घे म्हणतात, नि हात आपसूक खलाकडं जातो. मला कळायच्या आधी जातो. त्या दिवशी तू साहेबांना बोललीस ना, तवा मला कळलं माझं काय गेलं ते. तुझं तसं होऊ द्यायचं नाय मला. मी हितं बसतो. तू कुठं बी जा, पन हितं नको."

मी नुसती त्याचा हात धरून उभी राहिले. हात कॉस्टिकने खरखरीत झाला होता. दारावर टकटक झाली. नामा डोकावला. "सहदेवभाऊ, साहेब म्हणतात, कालच्या लॉटचं..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत दादाचा हात माझ्या हातातून सुटून खलाकडे गेला होता. मग त्याचं त्यालाच ते दिसलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर आले. नामाकडून गोळ्या घेऊन त्याने आतून दार लावून घेतलं.